मशीनच्या आवाजाआड

शेवंताबाईंचा फोन आला तेव्हा मी ब्रह्मपुरीच्या बाजारात वांगी निवडत होते. "बाई, तुयी मावशी गेली न... आज उठलीच नाई," एवढं बोलून त्या रडायलाच लागल्या. शेवंताबाई म्हणजे मावशीच्या शेजारीण. नागभीडच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या मावशीच्या गावात मी पोचले तेव्हा पार्बतामावशीला अंगणात आणलं होतं. कोणीतरी तिच्या बोटांना हळद लावत होतं. सुईने टोचून टोचून खडबडीत झालेली ती बोटं मी कितीतरी वेळ बघत राहिले. आता महिना होत आला, तरी डोळे मिटले की तीच दिसतात.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. मूलबाळ नव्हतं. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी, उन्हाळ्याच्या एका पहाटे मावसाजी मोहफुलं वेचायला गेले ते परत आले नाहीत. गावकऱ्यांना पुढे नाल्याकाठी त्यांचं धोतर आणि निळ्या चौकटीचा सदरा सापडला. वाघ हा शब्द मावशीने त्यानंतर कधी उच्चारला नाही. 'जंगलात झालं ते' एवढंच म्हणायची. ते कपडे तिने स्वतः धुतले, घडी घालून पेटीत ठेवले, आणि गोधड्या शिवायला बसली. गोधड्या ती आधीही शिवायची. पण आता लोक तिच्याकडे आपल्या गेलेल्या माणसांचे कपडे आणू लागले. आईचं लुगडं, बापाचं धोतर, कधी एखादं लहानसं झबलं... मावशी ते मांडीवर घ्यायची आणि हातशिलाईचे टाके घालता घालता त्या कपड्यांशी बोलायची.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत मी तिच्याकडे राहायचे, तेव्हा एकदा विचारलं होतं, "मावशी, कोणाशी बोलतेस?" ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "बोलून नाई राह्यली, आयकून राह्यली." त्याच आठवड्यात एक बाई आपल्या आईच्या लुगड्यांची गोधडी न्यायला आली. मावशीने गोधडीचा एक कोपरा तिच्या हातात दिला. "तुया मायचा उजवा खांदा लय दुखे, न? तिथं मऊ तुकडा लावला मी." ती बाई जागच्या जागी थिजली. हे तिने मावशीला सांगितलं नव्हतं. तिची आई तर दूर कोरपन्याकडे राहायची, मावशीच्या गावात तिला कोणी पाहिलंही नव्हतं. मी तेव्हा घाबरले होते.

अलीकडे मावशीची बोटं वळेनाशी झाली. सुई धरली की हात थरथरायचा. म्हणून मी तिला शिलाई मशीन घेऊन द्यायचं ठरवलं आणि तिलाच ब्रह्मपुरीला रहीमभाईंच्या दुकानात नेलं. मला एक पांढरी, विजेवर चालणारी, नक्षीकाम करणारी सुबक मशीन आवडली होती. रहीमभाई म्हणाले, "बाई, ये दिखने को अच्छी है. पण गोधडीचे थर घातले की मोटर गरम होईल. मावशीसाठी जड काळी मशीन घ्या, सुईजवळची दाबपट्टी जास्त वर उचलते, जाड थर सहज आत जातो." मावशीने घरून आणलेला जाड तुकडा एकेका मशीनखाली घालून पाहिला. गुडघे दुखत होते, तरी पायाने चालणारी मशीन नको म्हणाली नाही. शेवटी एका काळ्या मशीनवर पाय मारत ती बराच वेळ थांबलीच नाही. खडखडाट एवढा, की रहीमभाईंना ओरडून बोलावं लागलं, "मावशी, ही आवाज लय करते. दुसरी बघा." मावशी मान वर न करता म्हणाली, "हेच पायजे मले."

मशीन जीपमधून गावी गेली. सारं गाव बघायला आलं. मला वाटलं, आता मावशीचे हात सुटले. पण पंधरवड्याने गेले तर मशीनवर चादर झाकलेली, आणि मावशी ओसरीत बसून कोणाचं तरी लुगडं हातानेच शिवत होती, थरथरत, दोन टाके घालून थांबत.

"काऊन गं? बिघडली का?"

"नाई. चांगली चालते."

"मग?"

"मशीन चालू असली की आयकू येत नाई, बाई. लोकायनं ज्याच्यासाठी कपडे देल्ले, तेच राहून जाते."

एवढ्या हौसेने निवडलेली वस्तू कोपऱ्यात पडणार, म्हणून थोडं वाईटही वाटलं.

थंडीत पुन्हा गेले. वळणावरूनच मशीनचा खडखडाट ऐकू आला. एकसारखा, दम न घेता. दारात उभी राहून हाक मारली, तिने ऐकली नाही. जवळ गेले. सुईखाली निळ्या चौकटीचा कपडा सरकत होता... इतकी वर्षं पेटीत राहिलेला. तिचा चेहरा घामाने भिजला होता, ओठ घट्ट मिटलेले. धागा संपला तेव्हाच पाय थांबला. घरात एकदम शांतता झाली आणि मावशी दचकून म्हणाली, "लवकर धागा लाव, लवकर."

मी धागा ओवला. तिने पुन्हा पाय मारायला सुरुवात केली आणि त्या आवाजात, माझ्याकडे न बघता, ओरडून बोलली, "हातानं शिवाले बसली की तो सांगाले लागे. त्या दिवशीचं. जंगलातलं. मले नाई आयकाचं ते... पण थंडीत त्याचं पांघरून तं पायजे न मले!"

ती गोधडी त्याच दिवशी पुरी झाली. शेवंताबाई सांगतात, मावशी शेवटपर्यंत तीच पांघरून झोपायची, आणि गाढ झोपायची. तिच्याबरोबर चितेवर आम्ही तीच घातली.

तेराव्याला शेवंताबाईंनी मावशीची तीन लुगडी माझ्या हातात ठेवली. "याची गोधडी तुयाच हातानं होऊ दे," म्हणाल्या. मशीनही ब्रह्मपुरीला माझ्याकडे आली आहे. चांगली चालते, मुलीचे फ्रॉक तिच्यावर शिवून झाले. लुगड्यांना मात्र मी सुईच घेतली. टाके वाकडे येतात, बोटं टोचतात. दुपारी घरातले सगळे बाहेर गेले की मी दार लोटते, उकाडा असला तरी पंखा बंद करते, आणि पहिलं लुगडं मांडीवर घेऊन बसते...