मामाजींनी काढलेलं डुरांट्याचं पीक

माझे सासरे सुखराममामाजी यांना धानाशिवाय दुसरं काही वाढलेलं बघवत नाही. वय बहात्तर, अंगावर मांस म्हणाल तर नाही, पण हातात विळा आला की कुणाचं ऐकत नाहीत. सिहोऱ्यातल्या आमच्या चार एकरांचे धुरे, म्हणजे बांध, ते असे छिलून ठेवतात की त्यावरून मुंगी गेली तरी लांबून दिसावी. मागे डेंग्यू झाला म्हणून त्यांना दवाखान्यात भरती केलं, तर हाताला सलाईनची सुई तशीच ठेवून आवारातलं गवत उपटत बसले होते. नर्स ओरडली माझ्यावर.

आणि अशा माणसाच्या अंगणात मी डुरांटा लावला.

डुरांटा म्हणजे ते कुंपणाला लावतात ते झाड. सगळीकडे कात्री मारून त्याची भिंत केलेली असते, त्यामुळे लोकांना वाटतं त्याला नुसती पानंच येतात. मोकळं वाढू दिलं तर त्याला निळी फुलं येतात आणि दिवाळीच्या सुमाराला फांद्या सोनेरी मण्यांच्या घोसांनी वाकतात. भंडाऱ्याला डी.एड. करताना माझ्या होस्टेलच्या खिडकीशी असं एक झाड होतं. पुढे नोकरी लागली नाही, लग्न झालं, रोवणी-कापणी वाट्याला आली. त्याची तक्रार नाही. पण ते घोस माझ्या दारात, माझ्या झाडावर लटकलेले मला एकदा बघायचे होते. एवढं एकच मागणं होतं माझं.

पहिल्या वर्षी रोवणीच्या आधी मामाजींनी शेतातले धुरे छिलले आणि त्याच झपाट्यात घरी येऊन माझं झाड गुडघ्याएवढं केलं.

"झाडोरा ठेवला का उंदरं लागतेत," ते म्हणाले.

"मामाजी, हा धुरा नाही, अंगण आहे."

"मंग अंगणात उंदरं पाह्यजेत काय तुले?"

दुसऱ्या वर्षी फुलं आली. पोळ्याला पाहुणे येणार म्हणून मामाजींनी सगळे शेंडे एका पातळीत छाटले. फुलं शेंड्याला येतात आणि मणी फुलांच्या जागी धरतात, म्हणजे तेही वर्ष उकिरड्यावर गेलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. नवऱ्याला, अमरला सांगितलं, तर तो म्हणाला, "बुढा माणूस आहे, जाऊ दे ना." सगळ्यांना सगळं जाऊच द्यायचं असतं.

यंदा मी मामाजींना झाडापाशी उभं केलं आणि पोरांना शिकवावं तसं समजावलं.

"शेंडे कापाचे नाहीत. घोस शेंड्यालेच येतात."

"खाता येते?"

"नाही. विषारी असतात मणी."

"ढोरं खातेत?"

"नाही."

"मंग कायले लावलं?"

"मले पाहाले."

त्यांनी एक शेंडा वाकवून पाहिला. "शेंड्याले येते म्हनतेस. धानाच्या लोंबावानी."

"हाव, लोंबावानी," मी म्हणाले. एकदाचं समजलं म्हणून मला बरं वाटलं. मूर्ख मी.

त्या दिवसापासून विळा खुंटीवर राहिला, पण सुटका कुठली! शेणखत काय, आळं काय, दोन वेळा पाहणी काय! शेजारच्या शकुनबाईंच्या बकऱ्या आमच्या फाटकासमोरून जायच्या बंद झाल्या. हिरवे मणी धरले तेव्हा मामाजी धानाच्या कोवळ्या दाण्यासारखा एखादा नखाने फोडून बघायचे आणि मला बातमी द्यायचे, "दूध भरून राहिलं." मग बुलबुल येऊ लागले, तर त्यांनी फांदीला तेलाचा रिकामा डबा टांगला. वारा आला की खडखड, खडखड.

"मामाजी, येऊ द्या ना पाखरं. शोभा असते."

"मेहनत आपली अन् खातीन बुलबुल?"

दिवाळी झाली आणि मणी पिवळे व्हायला लागले. एक बाजू अजून हिरवी होती. रविवारपर्यंत सगळं झाड सोनेरी होईल, मग खुर्ची टाकून तिथे निवांत चहा पिईन, असं मी ठरवून ठेवलं. गुरुवारी कामासाठी तुमसरला जावं लागलं. चार वाजता परत आले, तर झाडावर एकही घोस नव्हता.

अंगणात ताडपत्री अंथरलेली. तिच्यावर घोसांच्या छोट्या छोट्या पेंढ्या, सगळ्यांची तोंडं एकीकडे. मामाजी उकिडवे बसून उरलेल्या बांधत होते.

"मामाजी! हे काय केलं तुमी?"

"आली काय? पाह्य, विळा लावलाच नाही. समदं हातानं खुडलं."

"पण काहून खुडलं?"

"पिकलं होतं ना बाई. आनखी दोन दिवस ठेवलं असतं त झडलं असतं."

माझा आवाज फाटला. "तीन वर्षं झाले मामाजी! मले ते झाडावर पाहाचं होतं!"

मामाजींचे हात थांबले. मी खरंच रडते आहे हे त्यांना दिसलं, पण कशासाठी ते त्यांना कळेना. "उभं पीक असं पाहत नाही बसत बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "नजर लागते. घरात आलं का मंग पाहावं."

साठ वर्षं ज्या माणसाने पिकलेलं कधी शेतात सोडलं नाही, त्याच्याशी भांडणार तरी काय? मी पायऱ्यांवर बसून राहिले. मामाजी उठले, त्यातली सगळ्यात भरलेली पेंढी निवडली, आतून स्टूल आणून दाराच्या चौकटीखाली ठेवलं. नव्या धानाची पहिली पेंढी आमच्याकडे दारावर बांधतात. ज्याचं पीक त्याने बांधायची. दरवर्षी मामाजीच बांधतात.

"चढ," ते म्हणाले.

"मले नाही बांधाचं."

"तुयं पीक आहे. मी कसा बांधू?"

मी चढले. राग अजून तसाच होता. पेंढीतला एकेक मणी त्यांनी पुसून ठेवला होता. मला गाठ धड मारता येईना, आणि खाली मामाजी दोन्ही हातांनी स्टूल धरून म्हणत होते, "घट्ट बांध. अकरा वर्षं झाले तुले या घरात येऊन, तुयं काहीच बांधलं नव्हतं आपन दारावर."