बोटं उमटेनात

काचेवर चार बोटं ठेवली. लाल दिवा. पुन्हा ठेवली. पुन्हा लाल. काउंटरमागची पोरगी माझ्या लेकीच्याच वयाची असेल. तिनं खुणेनं सांगितलं, दाबून ठेवा. मी इतकं दाबलं की मनगटात कळ आली. तरी लालच.

हे लंडनच्या विमानतळावर. आणि त्याच शहरातल्या एका दवाखान्यात माझी लेक एकटी कळा सोसत होती. विमानातून उतरून फोन चालू केला तर तिचा निरोप आलेला: "आई, पाणी गेलंय. मी दवाखान्यात आले. तू टॅक्सी करून थेट इकडंच ये." दिवस भरायला अजून पंधरा दिवस होते. जावई कामासाठी दुसऱ्या देशात गेल्ते, ते उद्या पोचणार. तिच्याजवळ असायला मीच काय ती होते, आणि मी इथं काचेवर बोटं घासून राह्यले होते.

चूक कुणाची? माझीच. व्हिसासाठी मुंबईला जाऊन ठसे दिले ते पोळ्याच्या सुमाराला. तेव्हा हात बरे होते. उतरल्यावर तिकडं हेच ठसे जुळवतात, असं तिथल्या माणसानं बजावलं होतं. लेक तर रोज फोनवर ठणकावायची, "आई, यंदा कापसाला हात लावायचा न्हाई. बोटं जातील तुझी." मी म्हणायची, "न्हाई गं बाई, कोण वेचतंय?" आणि फोन ठेवला की कमरेला ओटी बांधून शेतात! परतूरजवळ आमचं शेत आहे. दिवाळीत मजूर मिळंनात, आणि बोंडं फुटून पांढरं झालेलं रान मला बघवंना. मालक, म्हणजे लेकीचे वडील, म्हणाले, "राहू दे, मी बघतो." त्यांचं बघणं मला चांगलं ठाऊक आहे. निघायच्या आदल्या दिवसापर्यंत वेचलं. बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी टोचतात. दहाही बोटं सोलवटून निघाली. खोबरेल चोळलं आणि म्हटलं, होतंय सगळं बराबर.

विमानात मी अगदी ऐटीत बसून आले. दुबईला विमान बदललं, तिथं सरकत्या पट्ट्यावर उभी राहिले आणि न चालताच पुढं निघाले, तेव्हा एकटीच हसत सुटले. खिडकीतून खाली ढग दिसले तर वाटलं, कापूसच पसरलाय. मेला, तिथंही पाठ सोडंना!

आता हसू कुठलं? मागची रांग वाढत चालली होती. आमच्या रेशन दुकानात मशीननं अंगठा घेतला न्हाई की तो डोक्यावर घासायचा, केसांचं तेल लागलं की घेतं. मी सवयीनं तेच केलं. दोन्ही हात डोक्यावरून खसाखसा फिरवले. त्या पोरीनं झटकन काच पुसली, माझ्याकडं रोखून पाहिलं आणि फोन उचलला. हिनं बोटांना काहीतरी लावलं, असंच तिला वाटलं असणार.

मला एका खोलीत नेऊन बसवलं. समोर एक अधिकारी, आणि फोनवर हिंदी बोलणारी दुभाषी बाई. पासपोर्ट तुमचाच का? ठसे का जुळत न्हाईत? काम काय करता? मी म्हटलं, "खेती. कपास चुनती हूँ." आणि दोन्ही पंजे त्याच्या टेबलावर उताणे ठेवले. "देखो ना! मेरी लड़की वहाँ अकेली है!" आवाज चढला माझा. बाई शांतपणे म्हणाली, लेकीचा नंबर द्या.

कळा सोसणाऱ्या पोरीला फोन? पण द्यावा लागला. फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. आधी नुसता तिचा श्वास, मंग आवाज. तो इंग्रजीत विचारत होता, ती दम खात उत्तरं देत होती. मला त्यातलं एकच कळलं, कॉटन. मी तिला काही सांगितलं नव्हतं, तरी तिनं ओळखलं. मधेच ती अशी कण्हली की त्या माणसानं मान खाली घातली. मी ओरडले, "आले गं बाई, आलेच मी!" तोवर फोन बंद झाल्ता.

त्यानंतरही तासभर बसवलं. कागद, फोटो, सही. मी भिंतीवरच्या घड्याळाशिवाय कशाकडं पाहिलं न्हाई. एकदाचा शिक्का बसला.

लंडन मी टॅक्सीच्या काचेतून पाहिलं. विटांची एकसारखी घरं, ओले रस्ते, पानं झडलेली झाडं, आणि कुणी हॉर्न वाजवत न्हाई. त्या शिस्तीचा मला भयंकर राग आला. रस्ता मोकळा असून टॅक्सी सिग्नलला उभी राहिली, तेव्हा तर मी बसल्या जागी पाय आपटले.

पोचले तर सगळं झालं होतं. अर्ध्या तासापूर्वी मुलगी झाली. शेवटपर्यंत लेकीचा हात एका परक्या नर्सनं धरून ठेवला होता. तो मी धरायचा होता.

लेक उशीवर डोकं टेकून पडली होती. तिनं माझ्या बोटांकडं पाहिलं. रागावली न्हाई. एवढंच विचारलं, "झाला का मंग सगळा वेचून?"

"न्हाई," मी म्हणाले. "चार ओळी राह्यल्या."

ती हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. पोरांपुढं मी कधी माघार घेतलेली न्हाई. त्या दिवशी तिच्या पलंगाशी बसले आणि म्हणाले, "चुकलं गं माझं."