कानसेनांचं डावं चाक

ताईची छोटी गाडी मी फुटपाथवर चढवली तेव्हा समोर ना माणूस होता ना जनावर. मी गिअरच्या दांड्याकडे बघत होतो, एवढंच. उतरताना पुढून 'धाड' झालं आणि त्या दिवसापासून गाडीला बोलायची खोड लागली. वळताना कट-कट, खड्ड्यात खट-खट, आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग रुसलेल्या जावयासारखं एकीकडे तोंड करून बसायचं.

ताई फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे गुडघे सरळ करायचे आणि स्वतः लंगड्या गाडीतून उतरायचं, हे तिला बरं दिसेना. तिने गाडी माझ्यासकट कानसेनांकडे पाठवली.

कानसेन म्हणजे गल्लीच्या टोकाला गॅरेज असलेले काका. तानसेन गाण्यासाठी, हे ऐकण्यासाठी. कोपऱ्यावर गाडी वळली की हातातला चहा खाली न ठेवता सांगायचे, मागचा ब्रेक घासतोय आणि चालवणारा घाईत आहे. गाड्यांचं सगळं ऐकू येतं, माझंच तेवढं येत नाही, असं काकूंचं म्हणणं.

आवाज डावीकडून येतो, असं मी सांगितलं. काका एक फेरी मारून आले. त्यांना तो उजवीकडून वाटला होता. मी छातीठोकपणे सांगितलं की ताईला स्टिअरिंग फिरवायला लावून मी स्वतः चाकापाशी वाकून ऐकलंय. तरण्या कानापुढे साठीच्या कानाने माघार घेतली.

डाव्या चाकाचा लिंक रॉड बदलला. जॅकवर चढून उतरलेली गाडी चार दिवस गप्प राहिली, पाचव्या दिवशी खट-खट. मग डावा बॉल जॉइंट. पुन्हा चार दिवस. मग डाव्या शॉकअपचं माउंटिंग. दरवेळी काका उताणे होऊन गाडीखाली सरकायचे, कण्हत बाहेर यायचे आणि चाकं सरळ रेषेत लावून द्यायचे. पाचव्या दिवशी जावईबापू पुन्हा फुगलेले.

चौथ्यांदा ताईलाही घेऊन गेलो तर गॅरेजमधला रेडिओ बंद. काकूंनी मला बाजूला घेतलं. काका कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. डॉक्टर म्हणाला कान ठणठणीत आहेत, तर यांचा डॉक्टरवरच विश्वास नाही. पुढच्या चाकांची कामं आता बंद. नुसतं ऑइल बदलायचं आणि पंक्चर काढायचं, असं ठरवून बसले होते.

"चाळीस वर्षांचा कान," काकू म्हणाल्या, "तुझ्या त्या डबड्याने खाल्ला."

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेवटचं एकदा दाखव. नेमकं कुठलं चाक?"

ताई आत बसून स्टिअरिंग फिरवू लागली. मी नेहमीसारखा बॉनेटसमोर, गाडीच्या तोंडाला तोंड देऊन उभा राहिलो आणि डावा हात लांब केला. "हे. डावं."

काकांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग चाकाकडे. मग पुन्हा हाताकडे, जरा जास्तच वेळ.

"ताईच्या जागी जाऊन बस. आता तेच चाक दाखव."

मी बसलो, हात उचलला. तो उजवा होता.

ताईने कपाळावर हात मारला. काकांनी शांतपणे विचारलं, शाळेत डावं-उजवं शिकवलं नव्हतं का. शिकवलं होतं, मी म्हणालो, पण मास्तर आमच्याकडे तोंड करून हात वर करायचे.

"म्हणजे माझा कान..."

"पहिल्या दिवसापासून बरोबर होता, काका."

काका चष्मा काढून पुसत राहिले. काच स्वच्छ होती तरी. मग उजवं चाक उचलून हलवलं, तर तिथला बॉल जॉइंट दुधाच्या दातासारखा डुलत होता.

तो बदलला त्याला दोन महिने होत आले. गाडी सरळ आणि मुकी. रेडिओ पुन्हा सुरू आहे. गॅरेजात हल्ली नवा रिवाज आहे: गिऱ्हाईकाने आधी ड्रायव्हरच्या जागी बसायचं, मगच डावं-उजवं बोलायचं. त्या रिवाजाला माझं नाव पडलंय, ते इथे सांगत नाही.

काकांचं म्हणणं एवढंच, की माझ्या डाव्यापायी ते तीनदा उताणे झोपले, तर एकदा मी झोपावं, ऑइलचे थेंब झेलत. मी रविवारी येतो म्हणालो होतो. रविवार बरेच झाले. गॅरेजवरून जाताना मी पाय न वाजवता जातो, पण आतून आवाज येतोच.

"तुझी उजवी चप्पल घासतेय रे."

घरी येऊन बघितलं. उजवीच होती. गाडीखाली झोपायचं मात्र अजून राहिलंय.