सेन्सर मौन धरून बैसला आहे

दोन यंत्रांमध्ये बोलणं सुरू करून देणं आणि दोन माणसांमधलं बंद पाडणं, या दोन्ही विद्या एकाच हातात असलेला गृहस्थ अख्ख्या कावेरीकाठी दुसरा सापडायचा नाही. ते माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मामा, राहणार कुंभकोणम्. एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं सांभाळून ते निवृत्त झाले आणि तेव्हापासून डेटा लॉगर बसवून देतात. डेटा लॉगर म्हणजे तापमान, हवेतला ओलावा असलं काहीबाही दर दहा मिनिटांनी निमूट टिपून ठेवणारी डबी. डबीला स्वतःला काही कळत नाही. तिला सीरियल केबलने सेन्सर जोडावे लागतात, कुठे वजनकाटा, कुठे छोटा प्रिंटर. हे जोडणं मामांच्या मते फक्त त्यांनाच येतं. चेन्नईहून येणाऱ्या इंजिनियरांना येत नाही, डबीबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तकाला येत नाही, आणि पुण्याच्या जावयाला येणं तर शक्यच नाही.

त्यांचं घराणं तंजावरच्या मराठी दरबाराबरोबर तिकडे गेलेलं. त्यामुळे त्यांची मराठी तीनशे वर्षांपूर्वी घाट उतरली ती पुन्हा पुण्याकडे चौकशीला म्हणून गेलीच नाही. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "काय बिघडलंय, मामा?" वायरींतून मान वर न काढता ते म्हणाले, "सेन्सर मौन धरून बैसला आहे. याचें मुख त्याच्या कर्णास जोडावें, तर कोण्या मूर्खानें मुखास मुख जोडिलें!" सीरियल जोडणीत एकाची पाठवायची तार दुसऱ्याच्या घ्यायच्या तारेला लावतात, एवढाच त्याचा अर्थ. पण मला वाटलं, तहाची कलमं वाचून दाखवताहेत. मी हसलो. तेव्हा ते आतल्या खोलीकडे वळून मामींना ओरडून म्हणाले, "माप्पिळैस मराठी समजत नाहीं!" माप्पिळै म्हणजे जावई. इतकी वर्षं झाली, हे मत त्यांनी बदललेलं नाही.

नवीन काम हातात घेण्याआधी ते तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाला जाऊन येतात. त्या मूर्तीवर पाण्याचा अभिषेक करत नाहीत, नुसती कापराची पूड वाहतात. मामांच्या मते विजेच्या उपकरणांचं मर्म कळलेला तो एकमेव देव. बाकीच्या देवांना ते नमस्कार करतात, पण विश्वास ठेवत नाहीत.

माणसांशी मात्र त्यांची जोडणी कधी जमली नाही. दुसऱ्या एका भाचीच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलाचे वडील माइकवर बोलत होते आणि स्पीकर गुरगुरत होता. मामा केळीच्या पानावरून उष्ट्या हाताने उठले, दोन वायरी उपटल्या, आणि "अर्थिंग नाहीं!" असं जाहीर करून पुन्हा जेवायला बसले. त्या गृहस्थांचं भाषण तिथेच संपलं, आणि मामांशी बोलणंही.

त्यांना सगळ्यात जास्त राग यायचा तो तक्त्यातल्या रिकाम्या चौकटीचा. सेन्सरने उत्तर दिलं नाही तर लॉगरने ती जागा कोरी सोडावी, हे सरळ. मामांना कोरी जागा म्हणजे स्वतःचा अपमान वाटायचा. म्हणून ते प्रत्येक लॉगरला अशी शिकवण देऊन ठेवत, की नवा आकडा आला नाही तर जुनाच पुन्हा लिही.

तिरुनीलक्कुडीला काही बायकांनी मिळून जुन्या जातींच्या भाताचं बियाणं एका खोलीत जपून ठेवलंय. तिथला लॉगर मामांचाच. दोन वर्षांपूर्वी ऐप्पसी महिन्यात, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुमारास, आठवडाभर धुवाधार पाऊस लागला होता, तेव्हा मी त्यांच्याबरोबर तिथे गेलो. त्या बायकांची प्रमुख एक म्हातारी. सगळे तिला पाट्टी, म्हणजे आजी, म्हणतात. तिने भिंतीलगतच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाली, "ओलं लागतंय." एवढं तमिळ मला कळतं.

मामांनी लॉगरकडे बोट दाखवलं. "पंचावन्न टक्के. काल पंचावन्न, परवां पंचावन्न. पाहा, कैसा स्थिर आहे!" हे माझ्यासाठी मराठीत, पाट्टीला त्यांनी तमिळमधून वीस मिनिटं विज्ञान ऐकवलं. बाहेर काडी पेटत नव्हती, माझा रुमाल खिशातल्या खिशात ओला झाला होता, आणि डबी पंचावन्नवर ठाम. पाट्टीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या डबीने पोत्यात हात घातलाय का?" मग तिने बायकांना हाक मारून पोती सोडायला लावली. मामा रागाने पाय आपटत बाहेर पडले.

घरी येऊन कॉफी घेता घेता ते त्या आठवड्याचा छापील तक्ता चाळत होते. चाळता चाळता थांबले. पाच दिवस तोच आकडा, दशांशासकट. मी म्हटलं, "काय झालं?" कॉफी तशीच टाकून ते चप्पल शोधू लागले. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाले, "इतकें स्थिर कांहींच नसतें."

पोत्यांमागे उंदराने केबल कुरतडली होती. सेन्सर पाच दिवस मुका होता आणि लॉगर मामांच्या शिकवणीप्रमाणे जुना आकडा घोकत होता. भिंतीलगतचं ते पोतं एका जातीचं गावातलं शेवटचं बियाणं. तळातल्या अर्ध्याला मोड आले होते. वरचं अर्धं बायकांनी आधीच चुलीशेजारी चटयांवर पसरलं होतं, म्हणून वाचलं.

मामांनी हात जोडले. तमिळमध्ये, सगळ्यांसमोर म्हणाले, "आजी, चूक डबीची नाही, उंदराचीही नाही. माझी आहे." त्यांच्या तोंडून मी 'चूक' आणि 'माझी' हे शब्द एका वाक्यात प्रथमच ऐकले. पाट्टी म्हणाली, "मग उभे काय राहिलात? पसरा." आणि ते बसले. संध्याकाळपर्यंत भात पसरत होते, आणि थर सगळीकडे सारखा नाही म्हणून बायकांना दटावतही होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गावोगावच्या आपल्या सगळ्या लॉगरांची ती खोड काढली. आता तक्त्यात कोरी जागा दिसली की ते तिच्याभोवती लाल पेन्सिलीने गोल करतात.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा ते टेबलाशी बसले होते. समोर नवी डबी आणि चार रंगीत तारा. एक तार स्क्रूखाली जात नव्हती; ते बोटाने जागा चाचपत होते. मामी दारात उभ्या राहून पाहत होत्या, पण आत येत नव्हत्या. थोड्या वेळाने मामांनी स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे सरकवला. "तुम्हीच घाला. तांबडी वरती, पांढरी खालीं."

मी घातली. डबी सुरू केली. हिरवा दिवा लुकलुकू लागला, त्यांच्या डोळ्यांपासून वीतभरही लांब नव्हता.

"लागला काय?" त्यांनी विचारलं.

"लागला, मामा."

"आतां?"

"गेला. लागला. पुन्हा गेला."

ते खुर्चीला टेकले आणि त्यांनी डोळे मिटले. मी बराच वेळ तो दिवा त्यांना सांगत बसलो.