भट्टीशेजारची विहीर

मोडनिंबजवळच्या एका बागायतदाराकडं मी बरीच वर्षं मॅनेजर होते. मालक सोलापुरात राहायचे, आठवड्यातून एकदा गाडी घेऊन यायचे. द्राक्षबाग, ऊस, मजुरांचे पगार, बँकेचे हप्ते सगळं माझ्याकडं. शेताच्या खालच्या अंगाला त्यांची शिशाची भट्टी होती, तिचा व्यवहारही मीच बघायचे. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, शिसं वितळवायचं आणि लगडी शहरातल्या व्यापाऱ्याकडं पाठवायच्या. द्राक्षांनी दगा दिला की भट्टीच बाग जगवायची.

भट्टीपासून हाकेच्या अंतरावर विहीर आणि तिला लागून सालगड्याची खोली. तो, त्याची बायको आणि दुसरीतली मुलगी. मुलीचं पोट सारखं दुखायचं. अंगात रक्त नाही म्हणून टॉनिक चालू होतं, पण फरक नव्हता. शेवटी मोडनिंबच्या डॉक्टरांनी विचारलं, "राहता कुठं?" उत्तर ऐकून त्यांनी रक्त तपासायला सोलापूरला पाठवलं. पोरीच्या रक्तात शिसं निघालं. "आधी तिथलं पाणी बंद करा," डॉक्टर मला म्हणाले.

मी तशीच शेतावर गेले. तिची आई विहिरीपाशी भांडी घासत होती. मी सगळं सांगितलं. ती हातातलं पातेलं खाली ठेवून म्हणाली, "म्हून कुत्र्याला जारचं पानी देत्यात व्हय?"

मला कळेना. भट्टीच्या राखणीला मालकांनी उंची जातीचं कुत्रं आणलं होतं.

"मालकांनीच सांगितलंय की, त्याला हिरीचं पानी दावायचं न्हाय. आनलं तवापासनं ऑफिसातला जारच हाय त्याला."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे या माणसाला ठाऊक होतं!

मालक आले तेव्हा मी बसलेसुद्धा नाही. "विहिरीचं पाणी खराब झालंय, हे तुम्हाला माहीत होतं?"

"मॅडम, ते कुत्रं महागाचं आहे."

"आणि ती पोरगी?"

"त्यांना सवय असते. उगाच बोभाटा करू नका. भट्टी बंद पडली तर बाग कशावर चालवणार? तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी विहिरीच्या मोटारीला कुलूप घातलं आणि शेताच्या खर्चातून पिण्याच्या पाण्याचा टँकर मागवला. संध्याकाळी फोन आला. "कुणाला विचारून?"

"तुमच्या कुत्र्याला विचारून," मी म्हणाले. नोकरी तिथंच संपली.

मग सोलापुरातल्या प्रदूषण नियंत्रणाच्या कचेरीत तक्रार दिली. साहेब पाहणीला आले, त्या दिवशी भट्टी थंडगार, अंगणात सडा टाकलेला. तरी मी हेलपाटे सोडले नाहीत. अखेर भट्टी हलली. बंद झाली नाही, हलली. मालकांच्याच दुसऱ्या रानात, दुसऱ्या कुणाच्या तरी पाण्याशेजारी. तिथली तक्रारही मीच केली आहे; साहेबांना अजून सवड मिळालेली नाही. गावात मात्र लोक मलाच म्हणतात, "ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावरच उलटली."

ते कुटुंब श्रीपूरला नातेवाइकांकडं गेलं. पोटदुखी थांबली, पण शिशापायी पोरीला पाढे लक्षात राहत नाहीत. गेल्या महिन्यात तिच्या आईचा फोन आला, "ताई, बाईंनी पोरीला वर्गाभायेर हुबी केली वो."

मी एसटी पकडून शाळेत गेले. बाई म्हणाल्या, "आळशी आहे हो. लक्षच नसतं हिचं."

मी डॉक्टरांचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. माझा आवाज एवढा चढला की शेजारच्या वर्गातली मुलं दारात आली. पोरगी दाराबाहेर खाली मान घालून उभी होती. मी तिला वर्गात नेऊन पहिल्या बाकावर बसवलं आणि शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यातून हलले नाही.