नव्या मिठाचं वर्ष

आमसूल म्हणजे आमसूल, त्यात काय वेगळं, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. संगमेश्वराकडच्या ज्या घरात मी नांदायला गेले तिथे दर वर्षीचं आमसूल वेगळं असायचं आणि ते जिभेवर ओळखता येणं हा बायकांचा मान होता. माझी सासू त्यात बिनतोड होती. बरणीतला एक तुकडा तोंडात टाकायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "ह्ये आमसूल गाय दरडीवरनं पडली त्या सालचं." ज्या वर्षी झाडाला फळ थोडं आणि ऊन कडक, त्या वर्षीचं आमसूल काळं, जाड, दातांना झिणझिण्या आणणारं. फळ वारेमाप आलं की साल पातळ आणि चव पाणचट. वैशाखात आभाळ भरून राहिलं तर वाळायला वेळ लागायचा आणि आमसुलाला धुराचा वास यायचा, कारण उरलेलं सगळं चुलीवरच्या फळीवर सुकवावं लागे. मलाही दोन वर्षांत बरंच कळायला लागलं होतं, आणि त्याचा मला गर्व होता.

हे एकोणीसशे तीसच्या आसपासचं सांगते आहे. घरात आम्ही तिघी, सासू, थोरल्या जाऊबाई आणि मी. दोघा भावांच्या बायका गावात आणि दोघे भाऊ मुंबईला गिरणीत, शिमग्याला आणि गणपतीला तोंड दाखवून जायचे. जाऊबाई समुद्रकाठच्या पूर्णगडाकडच्या. लग्नाला आठ वर्षं झाली तरी त्यांना मूल नव्हतं. मला तिसऱ्याच वर्षी दिवस राहिले होते, आणि तेवढ्यावर मी त्या घरात शहाणी ठरले होते.

आमच्याकडे चाल अशी होती की रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, रसात मीठ घालायचं ते घरातल्या एकाच बाईने. त्याला 'हात' म्हणायचे. फळं फोडायला, बिया काढायला, सालं उन्हात घालायला सगळ्या, पण मीठ एकीचं. आमसूल चांगलं झालं की हात चांगला, बिघडलं की हात वाईट. तीन वर्षं हा हात जाऊबाईंचा होता. पहिल्या वर्षी ऐन वाळवणात वळीव कोसळला आणि निम्म्या सालांना बुरशी आली. दुसऱ्या वर्षी महिनाभर सूर्य दिसला नाही. पाऊस सगळ्या गावावर पडला होता, ढग सगळ्या गावावर होते. शेजारणींची आमसुलंही गेली होती. पण सासू आभाळाकडे कधी बघायचीच नाही, ती जाऊबाईंच्या हाताकडे बघायची.

तिसऱ्या वर्षी रातांबे लाल व्हायला लागले तेव्हा सासूने चार शेजारणींसमोर सांगून टाकलं, "यंदा नासली तर म्हायेरची वाट धर. थोरल्याला मी दुसरी बगतंय." शेजारणी खाली मान घालून बिया काढत राहिल्या.  जाऊबाई रोज सकाळी आंघोळ करून खळ्यात, घरापुढच्या अंगणात, यायच्या आणि आधी आभाळाकडे बघायच्या. त्या वर्षी आभाळ असं स्वच्छ होतं की डोळे दिपावेत. फळही बेताचं, साल जाड. असं वर्ष दहा वर्षांत एकदा येतं, हे मलासुद्धा कळत होतं. जाऊबाईंच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जीव आला होता.

दगडी डोणीत रस काढून झाला. जाऊबाई म्हणाल्या, "माळ्यावरचं मीठ आण गो. जुनं."

आता हे मीठ सांगायला हवं. खाडीकडचं नवं मीठ पावसाळ्याआधी घरात येतं. त्यात कडवट पाणी असतं. ते टोपलीत भरून माळ्यावर ठेवायचं, वर्षभर त्यातलं पाणी गळून जातं, मग ते आमसुलाला लायक होतं. नवं मीठ घातलं तर आमसूल कितीही ऊन द्या, वाळत नाही. दुपारी सुकल्यासारखं दिसतं आणि सकाळी पुन्हा घामेजतं. शिवाय मागाहून जिभेवर कडू उतरतं.

मला हे सगळं ठाऊक होतं. पण माळ्यावर चढायला शिडी लावावी लागायची, आणि नव्या मिठाची टोपली माजघराच्या दारातच होती. मला कंटाळा आला. पोटुशी आहे म्हणून चढले नाही असं पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले, पण ते खोटं आहे. त्याच दिवशी सकाळी मी कैऱ्यांसाठी झाडावर चढले होते. शुद्ध आळस. मी दारातलं मीठ सुपात भरलं आणि नेऊन दिलं.

जाऊबाईंनी मीठ घातलं, ढवळलं, बोट बुडवून चाटलं आणि थांबल्या. समुद्राकडच्या बाईला मीठ कळणार नाही तर कुणाला कळणार?

"मीठ नवं हाय काय गो? कडू लागतंय."

तेव्हा बोलले असते तर एक डोण रस वाया गेला असता आणि मला चार शिव्या बसल्या असत्या. पलीकडे सासू बसली होती. मी म्हटलं, "नाय बाय, माळ्यावरचंच हाय."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा बोट चाटलं आणि म्हणाल्या, "मग माजीच जीब खराब झाली आसंल." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यामुळे मला त्यांचाच राग आला, हे आज सांगायला लाज वाटते, पण आला होता.

पुढचे दिवस मी विसरू शकत नाही. सालं रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची. ऊन तर असं की खळ्यात पाय ठरत नव्हता. आणि रोज सकाळी आमसुलं ओली. जाऊबाई एकेक साल पदराने पुसायच्या. पुसून पुसून पदर लाल झाला. एक दिवस मी त्यांना आपल्याच उजव्या हाताकडे टक लावून बघताना पाहिलं. तरी मी गप्प राहिले. बोलायची वेळ रोज येत होती आणि रोज कालच्यापेक्षा अवघड होत होती.

पंधराव्या दिवशी सासूने एक आमसूल तोंडात टाकलं, चघळलं, थुंकलं आणि म्हणाली, "बोचकं बांद."

 जाऊबाईंनी दोन लुगडी बांधली, देवाला नमस्कार केला. जाताना मी वाकून पाया पडायला गेले तर त्या झटकन मागे सरल्या. "नको गो," म्हणाल्या, "तुज्या पोटाला माजा हात नको लागाय." आणि हात पदराखाली घेऊन त्या पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरायला लागल्या.

मग माझ्याच्याने राहवेना. मी खळ्यात धावत आले आणि सासूपुढे उभी राहून सगळं ओकले. मीठ नवं होतं, मी आणलं, मी खोटं बोलले, त्यांना परत बोलवा. मला वाटलं आता माझ्या झिंज्या धरील.

तिने सूपसुद्धा खाली ठेवलं नाही. "मला काय सांगतीस? पयल्या दिशी डोणीजवळनं गेलंय तवाच वासावरनं कळलंय मला."

मी विचारलं, "मग बोलला का नाय?"

"थोरला शिमग्याला आलता तवाच सुपारी फुटली. पोरगी ठरली हाय."

"आनि आमसुलं चांगली झाली आसती तर?"

"तर दुसरं कायतरी निगालं आसतं." तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जा, तिला गाठून सांग जा. मीठ माजं, हात तुजा चांगला, आसं सांग. मग या घरात कुनाचा हात वायट ठरतो ता बगू. तुला तरी अजून पोरगा झाला नाय."

खळ्यातून पाखाडी दिसते. वळणापर्यंत जाऊबाईंचं बोचकं दिसत होतं. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. त्यांना घरात परत घेणं माझ्या हातात नव्हतं, पण तो हात वाईट नाही एवढं त्यांना सांगणं माझ्याच हातात होतं. दुसऱ्या कुणाच्या नव्हतं.

सासूने चटईचं एक टोक माझ्याकडे सरकवलं. मी पदर खोचून खाली बसले आणि आमसुलं उलटायला लागले. जाऊबाई तेव्हा ओढ्यावरच्या साकवापर्यंतही पोचल्या नसतील.