नुकसानीचा रकाना

माणूस आणि निसर्ग यांचं नातं शोधायचं काम मी बारा वर्षं करते आहे, आणि खरं सांगायचं तर त्या नात्याचा मला आता कंटाळा आलाय. उस्मानपुऱ्यातल्या ऑफिसातून पिशवी उचलायची, गावोगाव फिरून फॉर्म भरायचे. ते फॉर्म पुढं कुठल्या कुठं जातात. जगभरचे प्राणी कसे वाचवायचे, ते तिथली मोठी माणसं ठरवतात. मला मिळते ती गुडघेदुखी.

मागच्या उन्हाळ्यात लासूर स्टेशनच्या बाजूला लांडग्यांचे फॉर्म भरत होते. लांडगे कुठल्या माळावर टिकलेत आणि माणसं त्यांना कशी सोसतात, हे शोधायचं होतं. शेवटचं घर एका मेंढपाळ बाईंचं. साठीच्या मावशी, नवरा गेलेला. पन्नासेक मेंढ्या आणि त्या चारायला समोरचं गायरान, एवढाच त्यांचा संसार. लांडग्यानं वर्षभरात किती नुकसान केलं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "नुकसान? काय नाय." मी शून्य लिहिलं. शून्य लिहिलं की लांडगा कुठं दिसतो, कधी दिसतो असले पुढचे नऊ प्रश्न गाळता येतात. फार बरं वाटलं.

चहा पिऊन उठले, तर मावशी म्हणाल्या, "ताई, त्या बाभळीच्या अंगानं जाऊ नका. लांडगीची पिल्लं हायेत तिथं. यंदा तीन कोकरं नेली तिनं."

"मग नुकसान नाही म्हणालात की!"

"ते कुठलं नुकसान? तिचा वाटा त्यो. लेकुरवाळी हाय, खाईल काय?"

आम्ही जे शोधत हिंडत होतो ते हेच, हे मला तिथल्या तिथं लख्ख कळलं. पण फॉर्म पिशवीत गेला होता, पॅसेंजरची वेळ झाली होती, उन्हानं डोकं ठणकत होतं. ऑफिसात दुरुस्त करू, म्हटलं. ऑफिसात दुसऱ्या गावाचे गठ्ठे वाट बघत बसले होते. शून्य तसंच राहिलं.

सगळ्या फॉर्मांवरून लांडग्यांचा नकाशा तयार झाला तेव्हा ते गायरान त्यावर कोरं होतं. लांडगा नाही, तक्रार नाही, काही नाही. पुढं सरकारला झाडं लावायला रिकामी जागा हवी होती तेव्हा आमचाच नकाशा पुढं आला, आणि बोट त्या कोऱ्या जागेवर पडलं. झाडं लावायला नको कोण म्हणणार? पण गवताचा माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे, एवढं सांगायची माझी तरी जबाबदारी होती.

कळलं तशी मी सुट्टी टाकून गेले. माळाला तारेचं कुंपण, आत ओळीनं खड्डे. बाभळीपाशी जेसीबी फिरून गेला होता. मी मावशींना सगळं सांगून टाकलं. म्हटलं, शून्य मी लिहिलं, कंटाळा केला, चूक माझी. वाटलं, आता चार शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी चहा टाकला. म्हणाल्या, "तीन दिस फिरली बिचारी कुंपणाभोवती. मंग दिसलीच नाय." चहा गाळता गाळता म्हणाल्या, "निम्म्या मेंढ्या इकल्या म्या."

मग कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "तवा नव्हतं, ताई. आता झालंय नुकसान. आता लिव्हा."

मी सुट्टीवर होते. पिशवीत फॉर्म नव्हता.